हे कुणी वापरतं का?

फोन गंगाकाकूंचा होता आणि सकाळचे साडेदहा वाजले होते, म्हणून मी तो उचलला नाही. साडेदहाला आमची रोजची बैठक असते. मी नांदेडला घरात बसून काम करते, बाकीची माणसं जगभर पसरलेली, आणि त्या दिवशी नेमका माझाच विषय चालू होता: पुढच्या आवृत्तीत कोणकोणता जुना कोड काढून टाकायचा. फोन दुसऱ्यांदा वाजला तेव्हा लक्षात आलं, काकू स्वतःहून कधी फोन करत नाहीत. आप्पा नंबर लावून देणार, "हं, बोल" म्हणणार, मग काकू बोलणार, अशी त्या घरची रीत. मी बैठक तशीच सोडली. "मुखेड," काकू म्हणाल्या. लातूरला त्यांच्या घरी शिकायला राहिले तेव्हापासून माझं तिथलं नाव हेच. "आप्पा गेले गं. पहाटं. माती चारला हाय. येतीस ना?" मी हो म्हणाले. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. दारात माणसं जमत असल्याचा, चपलांचा आवाज येत राहिला... आणि मी मूर्खासारखी मनात हिशेब करत होते की लोहा, अहमदपूर, चाकूर करत चारच्या आत लातूरला पोचता येईल का.

पोचले. त्यांच्या समाजात पुरतात, आणि तेही बसवून. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, डोक्यावर रुमाल, अशा अवस्थेत आप्पांना खड्ड्यात बसतं केलं तेव्हा मला वाटलं, आता हे मान वर न करता म्हणणार, "काय गं, काय करायलीस तिथं? ओळ वाच." जन्मभर मी त्यांना बसलेलंच पाहिलं होतं. उभे राहून ते फक्त ओरडायचे. बेल टाकायला मी पुढे गेले, पण माझा हात थांबला. का थांबला, ते तिथं कुणाला माहीत नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. आप्पांना जाऊन आता सात आठवडे झाले.

महारुद्र आप्पा मूळचे उदगीरचे, घरात निम्मी कन्नड. लातूरला गंजगोलाईच्या मागे त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान, दुकानावर घर आणि घराच्या माडीवर दोन खोल्या. त्या खोल्यांत दरवर्षी शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुली राहायच्या. आप्पांना मुलींची नावं पाठ होत नसत, किंवा त्यांनी ती पाठ करायची नाहीत असं ठरवलं असावं. ते गावावरून हाक मारायचे. शेजारच्या खोलीत अर्धापूर आणि शिरूर, आमच्या खोलीत मी, मुखेड. "ए अर्धापूर, नळ बंद कर! मुखेड, तुझ्या बापाचा फोन आलाय!" सगळ्या गल्लीला आमचे तालुके माहीत झाले होते. काकू तेवढ्या प्रेमळ. त्यांच्या हातच्या दह्यासाठी आम्ही मेसचा डबा परत पाठवायचो. आमच्या मुखेडला थंडीत विरजण दोन दोन दिवस पाण्यासारखं राहतं, आणि काकूंचं दही जानेवारीतसुद्धा चमच्यानं कापावं असं. कसं लावता म्हणून विचारलं की नुसत्या हसायच्या.

मला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे घरच्यांना मला करायचं होतं. दोनदा प्रवेश परीक्षा दिली, दोनदा आपटले. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी मी जिन्यात बसून रडत होते. आप्पा वर येत होते, वाटेत मी. त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाले, "रडून झालं की खाली ये. एक काम हाय, डोळे लागतात." खाली नेऊन त्यांनी पडद्यावर एक फाइल उघडून दिली. बाराशे ओळी, इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम. "ह्यात ओळीच्या शेवटी जिथं जिथं रिकामी जागा सुटलीय ती शोध. आणि जी ओळ नसली तरी चालंल असं वाटंल, ती मला दाखव." ती फाइल त्यांनी स्वतः लिहिलेली होती.

ती काय होती, ते सांगायला हवं. संगणकात आपल्याला दिसतात ते प्रोग्रॅम वरचे. त्यांच्या सगळ्यांच्या खाली एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कळफलक, पडदा, छापयंत्र, सगळ्यांशी बोलणारा तोच. आम्ही ज्या कर्नेलवर काम करतो तो कुणा एकाचा नाही. जगभरची माणसं तो लिहितात, सुधारतात, एकमेकांचं लिहिलेलं तपासतात, आणि ही सगळी भांडणं ईमेलच्या एका उघड्या यादीवर कुणालाही वाचता येतात. पंचवीसेक वर्षांमागे लातूरच्या एका डाळमिलनं कुठून तरी एक जुनं कार्ड आणलं. त्याला आठ तोंडं, म्हणजे एका संगणकाला आठ वजनकाटे जोडता यावेत. पण त्या कार्डाशी बोलता येईल असं कर्नेलमध्ये काहीच नव्हतं. मिलवाल्यांनी आप्पांना विचारलं. आप्पांनी पुस्तकं मागवली, चार महिने दुकानाचं शटर अर्धं ओढून ठेवलं आणि ते बाराशे ओळींचं मधलं माणूस, त्याला ड्रायव्हर म्हणतात, लिहून काढलं. यादीवर पाठवलं. तिघांनी नावं ठेवली. पुन्हा लिहिलं. चौथ्यांदा ते आत घेतलं गेलं, आणि फाइलीच्या डोक्यावर नाव राहिलं: महारुद्र, लातूर, आणि त्यांचा ईमेलचा पत्ता. आप्पांनी ही गोष्ट कधी मिरवली नाही. पण मिलवाल्यांच्या पोरानं एकदा "आप्पा, ते तुमचं आठतोंडी" असं म्हटलं, तेव्हा ते लाजल्यासारखे हसले होते. तेवढं एकदाच.

त्या फाइलीतून मी तीन फालतू ओळी काढल्या. आप्पांनी माझ्याकडून रीतसर पत्र लिहवून घेतलं, यादीवर पाठवलं, आणि मी, डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा आपटलेली मुखेडची पोरगी, जगाच्या गाभ्यात नावानिशी नोंदले गेले. पुढचं सगळं त्या तीन ओळींतून आलं... डिग्री, नोकरी, नांदेडचं घर. आणि ओळी काढायची खोडही तिथूनच लागली. आप्पा सांगायचे, "लिहायला अक्कल लागत न्हाई अव्वा, काढायला लागती. कुणाची ओळ काढतीस तर आधी ईचार, त्यानं ही कशाला लिहिली असंल? उत्तर न्हाई मिळालं तर हात लावायचा न्हाई. माणूस जित्ता असंल तर त्यालाच जाऊन ईचारायचं." हे शेवटचं वाक्य त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल, याची मोजदाद नाही.

जुना कोड काढणं हे चांगलंच काम आहे, हे मी आजही म्हणेन. कर्नेलचा एक भाग बदलला की त्याला चिकटलेलं सगळं बदलावं लागतं. ज्या कार्डाला कुणी वीस वर्षांत हात लावलेला नाही, त्याच्यासाठी कुणीतरी जागायचं, तपासायचं, त्यातली भोकं बुजवायची. घरात अडगळ झाली की झुरळं होतात, तसंच. मी त्यात तरबेज झाले. कंपनीत मला हसून 'झाडूवाली' म्हणायचे आणि मला ते आवडायचं. काढायची रीतही ठरलेली: यादीवर विचारायचं, "हे कुणी वापरतं का?" फाइलीच्या डोक्यावर ज्याचं नाव, त्यालाही तेच पत्र जातं. काही आठवडे थांबायचं. कुणी काही बोललं नाही तर काढायचं. गप्प राहणं म्हणजे होकार.

गेल्या वर्षी माझ्या काढायच्या फाइलींत आप्पांची फाइल आली. मी ती मुद्दाम शोधली नव्हती. जुन्या कार्डांचा सबंध डबाच साफ करायचा होता, त्यात ती होती. ते नाव पाहिलं आणि मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले. मग परत येऊन बसले आणि रीतीप्रमाणे पत्र पाठवलं. फाइलीतल्या पत्त्यावर. तो पत्ता लातूरच्या ज्या इंटरनेट कंपनीचा होता, ती बंद पडून दहा-बारा वर्षं झाली होती. हे मला माहीत होतं. पत्र दोन मिनिटांत परत आलं, "असा पत्ता अस्तित्वात नाही." मी ते परत आलेलं पत्र बाजूला सारलं. नियमाप्रमाणे मी लेखकाला कळवलं होतं. माझ्या फोनमध्ये आप्पांचा नंबर होता. आदल्याच आठवड्यात मी त्यांच्याशी वीस मिनिटं बोलले होते, डायलिसिस कसं चाललंय, काकूंचे गुडघे कसे आहेत... काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण ती बाई निदान कळसा विसरलेली असते. मी विसरले नव्हते. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. दिवाळीला जाईन तेव्हा समोर बसून सांगेन, असंही सांगितलं. खरं एवढंच होतं की मला भीती वाटत होती, ते "नको" म्हणतील. आणि ते नको म्हणाले असते तर ती फाइल काढण्याची माझी हिंमत नव्हती, आणि न काढण्याचीही नव्हती.

नवव्या दिवशी यादीवर उत्तर आलं. नाव आप्पांचं, पत्ता नवा. त्यांनी त्या एका पत्रासाठी पत्ता उघडला होता. आप्पा रोज सकाळी लिंगपूजा झाली की चहाच्या आधी ती यादी वाचतात, पडद्यावर बोट फिरवत, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते हिशेबात धरलंच नव्हतं. पत्र इंग्रजीत, चार ओळींचं. त्यांनी लिहिलं होतं की हा बदल असा घेऊ नये, कारण या फाइलीतलं एक फंक्शन, म्हणजे ठरावीक कामाच्या काही ओळी, शेजारचा दुसरा ड्रायव्हरही वापरतो, ही फाइल गेली की तो मोडेल. आधी ते फंक्शन तिकडे हलवा, मग ही काढा. बाकी ठीक आहे. खाली नाव. हरकत नाही, तक्रार नाही, हे माझं आहे असा एक शब्द नाही. त्यांनी स्वतःची फाइल काढणारं माझं पत्र मास्तरासारखं तपासलं होतं आणि त्यातली चूक काढून दिली होती. चूक खरी होती. माझ्या मशीनवर तो शेजारी बंद होता, म्हणून मला दिसली नव्हती.

मी फोन केला. "पत्र तपासून दिलं की," आप्पा म्हणाले. "आता फोनवर काय?"

"आप्पा, मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं."

"पत्ता बदललेला नव्हता. फाइलीतला. मी बदलायला पायजे होता. ती चूक माझी हाय." डायलिसिसनंतर त्यांना बोलताना दम लागायचा. "तू नियमानं केलंस, सुवर्णा. पर एक ईचारतो... माझं घर तुला माहीत न्हाई का?"

सतरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. मला त्यांच्या तोंडून ते नाव कुणा परक्या बाईचं वाटलं.

मी चूक दुरुस्त केली, दुसऱ्यांदा पत्र पाठवलं, चूक दाखवून दिल्याबद्दल त्यांचं नाव खाली रीतसर घातलं. ते मंजूर झालं. आप्पांचं कर्नेलमधलं शेवटचं नाव हे असं, त्यांनाच बाहेर काढणाऱ्या कागदावर आहे. माझ्या त्या पहिल्या तीन ओळींची जागाही त्याच्याबरोबर गेली. जुन्या इतिहासात सगळं राहतं, असं आम्ही अशा वेळी सगळ्यांना सांगतो. राहतं. शोधणाऱ्याला सापडतं.

दिवाळीला मी गेले. आप्पांचा डावा हात सुयांनी काळानिळा झालेला, चेहरा सुजलेला. त्यांनी माझ्या मुलीला खाऊ दिला, नवऱ्याशी पाऊसपाण्याचं बोलले. माझ्याशीही बोलले, पण पाहुणीशी बोलावं तसं. मी म्हणाले, "कर्नेलमध्ये एक श्रेयांची यादी असते, आधी काम केलेल्या माणसांची. तिच्यात तुमचं नाव घालते." ते म्हणाले, "कशाला? गेलेल्याची पाटी लावत्यात तशी? मी अजून हाय." खोलीच्या कोपऱ्यात त्यांचं जुनं मशीन घरघरत होतं, तेच, आठतोंडी कार्डाचं. त्या तोंडांना एकही वायर नव्हती. डाळमिल बंद पडून चार वर्षं झाली होती. विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "आप्पा, हे आता चालू कशाला ठेवता?" ते म्हणाले, "एक युजर हाय." मला ते टोचलं. मला वाटलं, स्वतःबद्दल बोलतायत, मला सुनावतायत. तेव्हा विचारायला हवं होतं, कोण? पण मला विचारण्याची सवयच कुठे होती...

त्यानंतर फोन झाले, भेट झाली नाही. दर वेळी काकूच जास्त बोलायच्या. मग तो साडेदहाचा फोन आला. आप्पा आजारानं गेले. त्यांच्या मूत्रपिंडांचं आणि माझ्या पत्राचं नातं लावण्याइतकी मी अडाणी नाही. पण पहाटे जाग आली की मी ते लावते. रागावले असते, शिव्या घातल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी चूक स्वतःकडे घेतली आणि मला काही फेडायला ठेवलंच नाही.

माती झाल्यावर दोन दिवसांनी मी यादीवर लिहिलं की अमुक ड्रायव्हरचे लेखक, लातूरचे महारुद्र आप्पा वारले. हजारो माणसं ती यादी वाचतात. दोन उत्तरं आली. एकानं लिहिलं, ओळख नव्हती, पण वाईट वाटलं. दुसरं उत्तर आप्पांच्या जुन्या पत्त्यावरून आलेलं यांत्रिक उत्तर होतं. पत्र पाठवताना तो पत्ता सवयीनं माझ्याकडून पुन्हा घातला गेला होता. असा पत्ता अस्तित्वात नाही.

मागच्या रविवारी आप्पांचा मुलगा शिवा, तो पुण्याला असतो, त्याचा फोन आला. "ताई, ती खालची खोली पण पोरींना द्यायची म्हणतोय. ते मशीन तेवढं बंद करून दे. बाकी कुणाला हात लावायचं डेरिंग न्हाई." खरंच होतं. त्या मशीनला आप्पांच्या खालोखाल माझाच हात लागलेला. मी एसटीनं गेले. गाडी काढावीशी वाटली नाही.

खोली तशीच होती. खुर्चीवर टॉवेल, भिंतीवर बसवेश्वराचं कॅलेंडर, टेबलावर सुया टोचल्यावर लावायच्या पट्ट्यांचा अर्धा डबा. मशीन घरघरत होतं. मी पडदा सुरू केला, आज्ञा लिहिली, मशीन बंद करायची. शेवटची कळ दाबायची राहिली होती. आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोट तसंच धरून स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं, "काकू, हे मशीन कुणी वापरतं का?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं. या वेळी तरी विचारलं, एवढ्यासाठीच.

"हाव," काकू आतून म्हणाल्या. "मी वापरते की."

मी वळून बघितलं. त्या पदराला हात पुसत आल्या, मशीनच्या मागच्या बाजूला भिंतीशी हात घातला, आणि पितळेचा एक झाकणाचा डबा फडक्यातून बाहेर काढला. मशीनच्या पाठीवर जिथून गरम वारा येतो, तिथं तो बरोबर बसत होता. पडद्याआड असल्यामुळे समोरून कधी दिसायचा नाही. "दही," त्या म्हणाल्या. "हितंच लावते. तुम्ही पोरी होता तवापासनं. आधी लई वरडले, ओलं ठेवू नको म्हणून. मग त्यांनीच ही जागा करून दिली, फळी ठोकून. मिल बंद झाली तवा मी म्हटलं, बंद करा आता. तर म्हणाले, राहू दे, एक युजर हाय."

मी खुर्चीत, त्या टॉवेलवरच बसले. कर्नेलच्या यादीवर आप्पांनी हे कसं लिहिलं असतं? दही लावायला ते कार्ड लागत नाही, त्या बाराशे ओळी लागत नाहीत, कोणतंही गरम मशीन चालतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही. खोटी हरकत त्यांनी जन्मात घेतली नसती. पण मी घरी आले असते, त्या कोपऱ्यातल्या यंत्राकडे बघून एवढंच विचारलं असतं, "आप्पा, काढू का?", तर ते मला हे सांगून हसले असते आणि म्हणाले असते, "काढ गं मुखेड. पर मशीन राहू दे." माझी खात्री आहे. आणि खात्री असूनही तिचा आता काही उपयोग नाही.

"बंद करायचंय का?" काकूंनी विचारलं. "शिवा म्हणत होता. कर की, तुझं काम हाय ते."

मी ती आज्ञा एकेक अक्षर मागे नेत पुसली. पडदा बंद केला. मशीन चालू ठेवलं. शिवाला फोन करून सांगितलं, की खोली देऊ नकोस, इथं माणूस आहे.

काकूंनी वाटीभर दही समोर ठेवलं. मला खाववेना, तेव्हा त्यांनी तो डबाच फडक्यात बांधून दिला. "ने पोरीला. आता दोघांचं लागतंय कुठं. हात मात्र अजून तेवढंच दूध घेतो." बसस्थानकावर गर्दी होती. नांदेडच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. डबा मांडीवर ठेवला, अजून जरा कोमट होता. कंडक्टरनं विचारलं, कुठं? नांदेड. तीन तास लागतात. आप्पा होते तेव्हाही तीनच तास लागायचे.